गालाला हात लावून बसलेला येशू

प्रश्न : लिथुआनियातल्या एका खेड्यातल्या दफनभूमीच्या फोटोत गालाला हात लावून बसलेला लाकडी येशू पाहिला. तो क्रुसावर का नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा 'रूपिंतोयेलिस', म्हणजे काळजी वाहणारा. डोक्यावर काटेरी मुकुट, पण बसणं मात्र दिवसभर राबून बांधावर टेकलेल्या शेतकऱ्याचं. क्रुसावरच्या येशूपेक्षा मला हाच जवळचा वाटतो. असे देव घडवणाऱ्याला तिथे 'दिएवदिर्बिस' म्हणतात. शब्दाचा अर्थही तोच, देव घडवणारा. त्यांतले विन्त्सास स्विर्स्किस (१८३५–१९१६) गावोगाव फिरत, शेतकऱ्यांकडे राहत आणि ओकच्या अखंड खोडातून मूर्तींसकट क्रूस कोरत. रशियन राजवटीविरुद्धच्या १८६३च्या उठावानंतर झारच्या सरकारने क्रूस उभारायला बंदी घातली. लोक तरीही उभारत राहिले! २००१ साली युनेस्कोने या कलेचा गौरव केला.