कार्ड असले तरी आधी भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही

वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी रुग्णालय आधी पैसे भरायला सांगत आहे आणि राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड असल्यामुळे ते नंतर परत मिळतील, असे आपण लिहिले आहे. याच समजुतीपायी आमच्या घराला मोठी झळ बसली, म्हणून सविस्तर लिहितो.

महात्मा फुले जन आरोग्य योजना रोकडरहित आहे: रुग्णालयाने पूर्वमंजुरी मागवायची आणि उपचारांची ठरलेली रक्कम योजनेने थेट रुग्णालयाला द्यायची. खासगी विम्याप्रमाणे बिले जोडून परतफेड मागण्याची वाट येथे धरून चालू नये. माझ्या आईच्या वेळी एका अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयाच्या खिडकीवर "आत्ता अनामत भरा, कार्डाचे उद्या बघू" असे सांगण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, गेलो, तेव्हा पूर्वमंजुरीची विनंती पाठवलेलीच नसल्याचे कळले. तक्रार केली, तर भरतीचा अर्ज पुढे करण्यात आला. त्यातल्या बारीक छापील मजकुरात "रुग्ण स्वेच्छेने रोखीने उपचार घेत आहे" असे एक वाक्य होते आणि त्याखाली मध्यरात्री घेतलेली आमची सही. घाबरलेल्या नातेवाइकांकडून अशी सही घेणे मला आजही अक्षम्य वाटते.

त्यामुळे अनामत भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला भेटाच, आणि तो जागेवर नसेल तर योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन करा. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, तेव्हा "रात्री काही होत नाही" हे उत्तर मान्य करू नका. अर्थात मी डॉक्टर नाही. छातीत कळ असताना कागदांसाठी उपचार थांबवावेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

"आता सगळ्यांना सगळे मोफत" हेही अर्धेच खरे आहे. २०२३ च्या निर्णयाने योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली, त्यामुळे पांढऱ्या शिधापत्रिकेवर काहीच मिळत नाही हा समज जुना झाला. मात्र पाच लाखांचे संरक्षण दरवर्षी संपूर्ण कुटुंबाला मिळून असते, माणशी नव्हे. उपचार यादीतलेच मिळतात. त्या निर्णयात ते १,३५६ होते, पण यादी बदलत असते, म्हणून आजची स्थिती विचारून घ्यावी. रुग्णालय अंगीकृत असले तरी त्याचा हृदयरोग विभाग योजनेत असेलच असे नाही, हे बहुतेकांना फार उशिरा कळते.

वडिलांचे वय सत्तर किंवा त्याहून अधिक असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत या आरोग्य योजनेत उत्पन्नाची अट न लावता त्यांचे नाव नोंदवता येते. आणि उपचार यादीत बसतच नसेल, तर जवळच्या धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये तेथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत ठेवा.