ऑपरेशनमध्ये हृदय थांबवल्यावर ते जिवंत कसं ठेवतात, आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं?

तुम्ही लिहिलंय की आईची महाधमनीची झडप अरुंद झालीय, पुढच्या आठवड्यात ती बदलायची आहे, आणि "हृदय थोडा वेळ थांबवावं लागेल" असं सर्जननी सांगितल्यापासून तुमची झोप उडालीय. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा. पुण्यात 14 वर्षं हेच काम करतोय. हृदय थांबवणारं द्रावण माझ्याच पंपातून जातं, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट. तुम्ही बाहेर चार-पाच तास बसाल, पण तेवढा सगळा वेळ हृदय बंद नसतं. एकच झडप साधेपणाने बदलायची असेल तर ते साधारण तास-दीड तास थांबलेलं असतं. बाकीचा वेळ भूल, छाती उघडणं, नळ्या घालणं, रक्तस्राव थांबवणं आणि टाके यात जातो.

सर्जन महाधमनीला चिमटा लावतात, त्याला आम्ही क्रॉस क्लॅम्प म्हणतो. चिमट्याच्या पलीकडे मेंदू, मूत्रपिंडं, सगळ्या शरीराला माझं मशीन रक्त पुरवत राहतं. अलीकडे मात्र हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या कोरड्या पडतात. अशा वेळी हृदय धडधडत राहिलं तर काही मिनिटांत त्याची शिदोरी संपेल. म्हणून थांबवणं हेच त्याचं संरक्षण आहे. धडधडणारं हृदय 100 ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला 8 ते 10 मिलिलिटर ऑक्सिजन घेतं. थांबवलं की ही गरज सुमारे 1 मिलिलिटरवर येते, आणि थंड केलं की त्याच्याही खाली. मोठी बचत थांबवण्यातच होते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

थांबवायला वापरतात पोटॅशियम. ते मिसळलेल्या थंड द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात, थिएटरमध्ये नुसतं 'प्लेजिया'. ही कल्पना 1955 साली लंडनमध्ये डेनिस मेलरोज यांनी मांडली. हृदय थांबायचं, पण पोटॅशियम सायट्रेट इतकं तीव्र होतं की स्नायूलाच इजा व्हायची, आणि पुढे कितीतरी वर्षं सर्जननी ती वाट सोडून दिली. माझ्या मते मेलरोज यांचा विचार बरोबर होता, चुकलं होतं ते प्रमाण. 1970 च्या दशकात लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हर्स आणि ब्रेमब्रिज यांनी सौम्य द्रावण तयार केलं. त्यात पोटॅशियम लिटरमागे 16 मिलिमोल. आपल्या रक्तात ते 3.5 ते 5 असतं, यावरून अंदाज येईल. ते दर 20 मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं. लहान मुलांसाठी निघालेलं डेल निडो द्रावण आता मोठ्यांनाही देतात. त्यात एक भाग रक्त, चार भाग द्रावण, आणि एका डोसात तासभर किंवा थोडं अधिक निभावतं.

तुमच्या आईच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. अरुंद झडपेतून वर्षानुवर्षं जोर लावून हृदयाची भिंत जाड झालेली असते. जाड भिंतीचा सगळ्यात आतला थर आधी उपाशी पडतो. म्हणून अशा पेशंटला पहिला डोस देताना मी घाई करत नाही. दाब नीट ठेवून, भरपूर वेळ घेऊन देतो. कधी हृदयाच्या मागच्या शिरेतून उलट्या दिशेनेही देतात, पण तिथे दाब 40 मिमी पाऱ्याच्या वर जाऊ देत नाही, शीर नाजूक असते.

आता लक्ष ठेवण्याबद्दल. हृदय थांबलं की ईसीजीवर सरळ रेघ येते. बाहेरच्या जगात ती रेघ पाहून काळजाचा ठोका चुकतो, आम्हाला मात्र तीच हवी असते. त्या रेघेवर बारीकशी लहर उठली तरी समजायचं, हृदय जागं होतंय आणि आतली शिदोरी खर्च करतंय. एकदा घड्याळात 14 मिनिटंच झाली होती आणि रेघ हलली. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून कोमट रक्त येऊन प्लेजिया धुवून नेत होतं. मी "सर, ॲक्टिव्हिटी आहे" म्हणालो, सर्जननी हातातली सुई तशीच थांबवली, मी डोस दिला, रेघ पुन्हा सपाट झाली. पेशंट व्यवस्थित घरी गेले. याशिवाय हृदय फुगत तर नाही ना हे सर्जन हाताने चाचपतात, अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीवर भूलतज्ज्ञ बघत असतात, आणि वेळ झाली की मी मोठ्याने सांगतो.

चिमटा काढण्याआधी हृदयात अडकलेली हवा बाहेर काढतात. तो बुडबुडा मेंदूकडे गेला तर लकवा होऊ शकतो, म्हणून सोनोग्राफीवर एकेक बुडबुडा शोधला जातो. मग कोमट रक्त आत शिरतं, पोटॅशियम वाहून जातं. कित्येकदा हृदय आपणहून ठोके द्यायला लागतं. कधी नुसतं थरथरतं, तेव्हा थेट हृदयावर छोटा शॉक देतात.

आईला आयसीयूत बघायला जाल तेव्हा छातीखालून दोन बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतील. घाबरू नका. या झडपेला लागूनच हृदयाची विजेची वाट जाते, सुजेमुळे ठोके मंदावले तर तात्पुरता पेसमेकर जोडता यावा म्हणून त्या ठेवतात. सगळं ठीक असेल तर काही दिवसांत सिस्टर किंवा डॉक्टर त्या पलंगावरच हलकेच ओढून काढतील.