पाऊस लागला की झोप उडते, आणि घरातले मात्र हलायला तयार नसतात

पूरप्रवण भागात राहणाऱ्यांकडून मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न त्या बाईंनी पहिल्याच भेटीत, खुर्चीत नीट टेकण्याआधी विचारला: "आभाळ भरून आले की माझी छाती धडधडते, घरातले हसतात. मी उगाच घाबरते का?" (ओळख पटू नये म्हणून येथील काही तपशील मी बदलले आहेत.)

दोन वर्षांपूर्वी मध्यरात्रीनंतर त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले होते. नवरा, त्या आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई गुडघाभर पाण्यातून बाहेर पडले आणि सासूबाईंची रक्तदाबाची औषधे घरातच राहिली. तेव्हापासून पाऊस लागला की त्या रात्रीतून चार-पाच वेळा उठत, मोबाईलवर पाण्याची पातळी पाहत, खिडकीतून रस्ता न्याहाळत आणि पुन्हा पिशवी भरायला बसत. नवरा "झाली का तयारी?" म्हणून चेष्टा करी. सासूबाईंनी तर स्पष्ट सांगून टाकले होते की, आता काही झाले तरी त्या घर सोडणार नाहीत.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. त्या रात्रीच्या आघाताचा हा परिणाम आहे असे धरून मी पहिल्या दोन भेटी श्वसनाच्या व्यायामात आणि मन शांत करण्याच्या उपायांत घालवल्या. निदान चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, कारण धोका कल्पनेतला नव्हता आणि घराने त्याबाबत काहीही ठरवलेले नव्हते. जो निर्णय तिघांनी मिळून घ्यायचा, तो दर रात्री त्या एकट्या अंधारात घेऊ पाहत होत्या. मग झोप लागणार कशी? तिसऱ्या भेटीला मी तिघांनाही बोलावले.

सासूबाईंना मी "का जायचे नाही?" असे न विचारता "मागच्या वेळी कसे गेलात?" असे विचारले. बराच वेळ त्या गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी सांगितले की, अनोळखी मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेले, पदर सावरायलाही हात मोकळा नव्हता आणि निवाऱ्यात पोहोचल्यावर सकाळपर्यंत स्वच्छतागृहात जायची सोय झाली नाही. "मला पुन्हा कोणी उचललेले चालणार नाही," त्या म्हणाल्या. सुनेला हे दोन वर्षांत प्रथमच कळत होते. सासूबाईंचा विरोध घर सोडण्याला नव्हता, तर ज्या रीतीने ते सोडावे लागले त्या रीतीला होता. स्वतःच्या पायांनी चालत जायचे असेल तर रस्ता कोरडा असतानाच निघावे लागेल, हे मी त्यांना समजावण्याची गरज उरली नाही. ते त्यांनीच मुलाला ऐकवले.

मुलाचा भरवसा गाडीवर होता. पाणी दाराशी आले की गाडी काढू, असे त्याचे म्हणणे. वेगाने वाहणारे केवळ १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते, ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते, हे सांगितल्यावर तो काही वेळ हिशेब करीत राहिला. त्याची चेष्टा हीसुद्धा भीतीचीच एक तऱ्हा असावी, असा माझा कयास आहे.

मी त्यांना एका कोरड्या रविवारी घराबाहेर पडण्याची तालीम करायला सांगितले. पंधरा मिनिटे पुरतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात पन्नास लागली. सासूबाईंचा चष्मा आणि श्रवणयंत्र शोधण्यातच निम्मा वेळ गेला. त्या पन्नास मिनिटांवरूनच निघण्याची खूण ठरली: प्रशासनाचा इशारा आला किंवा गल्लीच्या टोकाच्या गटारातून पाणी उलटे येऊ लागले, की निघायचे, आणि रात्री जोराचा पाऊस अपेक्षित असेल तर दिवस मावळण्याआधीच. पाऊस सुरू झाल्यावर या खुणेवर चर्चा करायची नाही, हे तिघांनीही मान्य केले.

पिशवीचे काम त्यानंतर सोपे होते: आठवड्याची औषधे मूळ वेष्टनात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, कागदपत्रे जलरोधक पाकिटात आणि त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये, विजेरी, चार्ज केलेली पॉवर बँक, जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला साधारण चार लिटर, तीन दिवस पुरेल इतके, वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवले. गॅस बंद करणे आणि विजेचा मेन स्विच पाडणे मुलाकडे. मात्र स्विचपर्यंत पोहोचायला पाण्यात उभे राहावे लागत असेल, तर त्याला हात न लावता निघायचे. फोन लागत नसतानाही छोटा संदेश पुष्कळदा पोहोचतो, म्हणून दूरच्या गावातील एका नातलगाला तिघांनीही खुशाली कळवायची, असे ठरले.

मोबाईल पाहण्याच्या वेळा आम्ही दिवसातून तीनवर आणल्या आणि पावसाच्या रात्री जागण्याची पाळी लावली: दोनपर्यंत नवरा, पुढे त्या. ही पाळी माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा अधिक उपयोगी ठरली, हे मला थोडे ओशाळवाणे वाटले तरी खरे आहे. आपण झोपलो तरी कोणीतरी जागे आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

पुढच्या पावसाळ्यात दुपारी चारच्या सुमारास इशारा आला आणि पाचच्या आत ते बाहेर पडले. सासूबाई काठी टेकत चालत गाडीपर्यंत गेल्या. पाणी गल्लीच्या तोंडाशीच थांबले; घर कोरडे राहिले. त्यानंतरच्या भेटीत नवरा कुरकुरत होता की फुकट दगदग झाली, खूण थोडी पुढे ढकलायला काय हरकत आहे? मी सासूबाईंकडे पाहिले. "खूण तीच राहील," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आपली उशी न्यायची राहिली, ती यादीत लिहून घे, असे त्यांनी सुनेला सांगितले.