शाळेच्या वेळच्या फ्लॉप्या आणि कॅसेट सापडल्या आहेत, त्यातून काही परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की शाळा सांगलीत झाली, १९९७ ते २००४. माळ्यावर कॉम्प्युटरच्या तासाच्या दहा-बारा फ्लॉप्या आणि स्नेहसंमेलनाच्या दोन कॅसेट सापडल्या, त्यातली एक कॅसेट २०१९ च्या पुरात भिजलेली. बरंच काही मिळू शकेल. फक्त घाई करू नका, कारण जुनी फ्लॉपी कधीकधी पहिल्या एक-दोन वेळाच नीट वाचली जाते आणि नंतर बिघडत जाते.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची पत्र्याची झडप बोटाने सरकवा. मागचा धातूचा बिल्ला हळूहळू फिरवत आतली चकती उजेडात तिरकी धरून बघा. ती सगळीकडे एकसारखी काळपट-तपकिरी दिसली तर ठीक. पांढुरके ठिपके किंवा कडी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पेटीत ती धरतेच. अशी फ्लॉपी तशीच घातली की बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि मागून येणारी चांगली फ्लॉपीसुद्धा खरवडली जाते. म्हणून स्वच्छ फ्लॉप्या आधी वाचा, बुरशीच्या शेवटी. बुरशी लागलेल्या फ्लॉप्यांची चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने अलगद पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

साडेतीन इंची फ्लॉपीला यूएसबी ड्राइव्ह चालतो, सव्वापाच इंचीला चालत नाही. कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे फ्लॉपीवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. फॉरमॅट करायचं का, असं विंडोजने विचारलं तर दरवेळी ‘नाही’च म्हणा. फाइली एकेक करून उघडत बसू नका. विनइमेज या प्रोग्रामने, किंवा लिनक्स असेल तर डीडीरेस्क्यूने, अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा बरोबर १४,७४,५६० बाइटची असते. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा.

आत काय सापडेल? लोगो या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम साधा मजकूर असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. पेंटची चित्रं आजही उघडतात. ६४० बाय ४८० चं २४ बिटी चित्र ९,२१,६५४ बाइटचं, म्हणून एका फ्लॉपीवर असं एकच चित्र मावायचं. बेसिक या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली फाइल नोटपॅडमध्ये उघडून कचरा दिसला तर ती खराब झाली असं समजू नका. जीडब्ल्यू-बेसिक प्रोग्राम आपल्या सांकेतिक रूपात साठवायचं. डॉसबॉक्स या, डॉसचे जुने प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये जीडब्ल्यू-बेसिक चालवून फाइल लोड करा, आणि सेव्ह करताना नावाच्या अवतरणचिन्हानंतर स्वल्पविराम देऊन ‘ए’ लिहा. मग ओळ क्रमांकांसकट सगळा प्रोग्राम वाचता येतो.

खरी अडचण मराठी फाइलींची. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांचे, नव्हते. फाइलमध्ये साठलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसला की निबंधाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. मजकूर निवडा आणि वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत बघा: फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे राहिलेलं असतं. ते टिपून घ्या, कारण परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम, निवडायला तेच लागतं. युनिकोड केल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठायचा, युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘किल्ला’ आणि ‘पर्वत’ बरोबर आले की बाकीचं बहुतेक बरोबर येतं. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका.

कोरड्या कॅसेटला जास्त काही लागत नाही. हेड आणि रबरी चाक पुसा, फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. आवाज दबका येत असेल तर आतला स्पंजचा छोटा तुकडा गळून पडलाय का बघा. तो फितीला हेडवर टेकवून धरतो. लॅपटॉपचं भोक बहुधा माइकचं असतं, त्यात आवाज फाटतो. लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिटवर वेव फाइल करा.

भिजलेली कॅसेट मात्र प्लेअरमध्ये अजिबात घालू नका. वाळलेला गाळ वाळूच्या कागदासारखा फितीवरचा थर खरवडतो. पाच स्क्रू असतील तर कवच उघडा, दोन्ही रिळं फितीसकट बाहेर घ्या, गाळ जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यात हलवून धुवा, उन्हात न ठेवता पंख्याखाली सावकाश वाळवा आणि कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवा. हे काम पावसाळ्यात काढू नका, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत करा. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर जोडावर पातळ पातं घालून उकलावं लागतं. तसं करण्याआधी एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर हात बसवून घ्या.