जॅझ, शास्त्रीय, हिप-हॉप आणि कथक एकाच कार्यक्रमात घेतलं तर खिचडी होते का?

तुम्ही विचारलंय की गणपतीत मंडळापुढे असा कार्यक्रम बसवला तर जमेल, की नुसता गोंगाट होईल. मी कुडाळचा, तबला वाजवतो. मे महिन्यात मालवणात असाच एक कार्यक्रम केला. जमतो. पण पहिल्या तालमीत माझी जी फजिती झाली, ती आधी ऐका.

गिटारवाला मडगावचा. म्हणाला, "ट्वेल्व्ह बार ब्लूज," म्हणजे ब्लूज-जॅझमधला एक ठरलेला साचा. मी १२ ऐकलं आणि १२ मात्रांचा एकताल लावला! त्याची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायची तेव्हा माझी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नसायची आणि माझ्या समेवर तो ढिम्म. दोघंही एकमेकाला कच्चा समजत होतो. शेवटी बोटं मोजली. त्याचे १२ म्हणजे चार-चार मात्रांचे १२ बार, एकूण ४८ मात्रा. म्हणजे १६ मात्रांच्या त्रितालाची सरळ तीन आवर्तनं, तीन फेरे! त्याची मोठी वळणं पाचव्या आणि नवव्या बारला येतात, आणि नेमकी तिथेच त्रितालाची सम. रॅपरचं १६ बारचं कडवं तर चार आवर्तनांत आपसूक बसलं.

राग जोग घ्या. चढताना शुद्ध गंधार (ग), उतरताना कोमल, वर कोमल निषाद (नी). ब्लूजलाही दोन्ही गंधार लागतात. फक्त पाचव्या बारच्या कॉर्डमध्ये धैवत (ध) येतो आणि नवव्या बारच्या कॉर्डमध्ये रिषभ (रे) आणि शुद्ध निषाद, ते जोगला चालत नाहीत. तेवढे सूर गिटारवाल्याला गाळायला सांगा. आमच्या गाणाऱ्या ताईंनी तीनदा डोळे वटारले तेव्हा कुठे त्याने ते गाळले. आणि जॅझमध्ये अर्धी मात्रा जरा रेंगाळून पडते, त्यामुळे तबल्यावर सरळ तिरकिट नको, तिस्र अंगाने, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून, वाजवा.

हिप-हॉपची मला धास्ती होती, ती फुकट गेली. डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, रात्र रात्र बसणाऱ्या माणसाला रॅपची जुगलबंदी काय नवीन? आमचा रॅपर संगमेश्वरकडचा, घरात जाखडी हा कोकणी लोकनाच, त्यातल्या शक्ती-तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब लहानपणापासून कानावर. कथकवालीने पढंत केली, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हटले, "तिगदा दिगदिग थेई", तर ह्याने त्याच लयीत बोलीभाषेतली एक ओळ तीनदा म्हणून बरोबर समेवर आणून टाकली. मागून एक भजनीबुवा "व्वा!" करून ओरडले. माझ्या चक्रदाराला (तीनदा फिरवून समेवर येणाऱ्या तुकड्याला) मात्र गप्प होते, असो.

कथकला सतरंजी नको, लाकडी फळ्याच टाका आणि एक माइक फळ्यांजवळ ठेवा, नाहीतर ड्रमपुढे घुंगरू कुणाला ऐकू येणार? शिवाय तुमचा कार्यक्रम ऐन पावसाळ्यात. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते आणि तबल्याचा सूर उतरतो. मे महिन्यातल्या खाऱ्या वाऱ्यातसुद्धा माझा दोनदा उतरला. तबलजीला सांगा, दुसरा तबला सुरात लावून कापडात गुंडाळून जवळच ठेवायचा, आणि हातोडी मांडीखाली.