व्हिडिओ कॉलच्या वेळी तो कुठे होता?

प्रश्न: मी 43 वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. धाकटा भाऊ 31 वर्षांचा. पाच वर्षांपूर्वी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठते तो आजार, असल्याचं निघालं. औषधं चालू असूनही गेल्या वर्षात दोन अटॅक आले, आता डावा पाय ओढत चालतो. मी खूप वाचून मेक्सिकोतलं एक हॉस्पिटल शोधलं. तिथे केमो देऊन रुग्णाच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत चढवतात. महिनाभर राहावं लागतं, सोबत मी जाणार. पैशांसाठी आईने रामबागेतलं जुनं घर विकायची तयारी केली आहे. ह्यांचं म्हणणं, एवढा पैसा प्रयोगात घालू नका. दोन महिने झाले, आमच्यात धड बोलणं नाही. भावाचं लग्न जवळजवळ जमलं होतं, तेही थांबलंय. हॉस्पिटलशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा तो आतल्या खोलीत होता, मीच सगळं बोलून घेतलं. माणसं चांगली वाटली. पंधरा तारखेपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे. ह्यांना कसं समजावू?
— थोरली

उत्तर: अगं थोरले, ह्यांचं नंतर बघू. तो आतल्या खोलीत का होता?

झोपला होता? की तू कॉल लावलास आणि त्याला हाक मारायचं कुणाच्या मनातच आलं नाही? अख्ख्या पत्रात आई काय म्हणते ते आहे, नवरा काय म्हणतो ते आहे, तू काय वाचलंस ते आहे. ज्याच्या नसेत ते औषध जाणार आहे त्याचं एक वाक्य नाही. अशा आजारांची पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात. लिहिणारी बहुतेक वेळा ताई असते नाहीतर आई, आणि रुग्ण आतल्या खोलीत असतो. मला आता या गोष्टीचा राग यायला लागलाय, तो आज तुझ्यावर निघतोय असं समज.

‘सगळं बोलून घेतलं’ म्हणतेस. मूल होण्याचं विचारलंस? या स्टेम सेल ट्रान्सप्लांटमध्ये सायक्लोफॉस्फामाइड नावाचं केमोचं औषध मोठ्या डोसमध्ये देतात. त्याने पुरुषाची मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते, कधी कायमची जाते. वीर्य गोठवून ठेवता येतं, इंदुरात राहूनही, पण केमोचा पहिला थेंब चढायच्या आधी. ज्याचं लग्न जमत आलं होतं त्याच्यासाठी हा पहिला प्रश्न आहे. आणि तो तू विचारला नसणार. ज्याला बोट धरून शाळेत सोडलं त्या भावाबद्दल, आई शेजारी बसलेली असताना, स्क्रीनवरच्या परक्या डॉक्टरला हे विचारायला कुणाची जीभ उचलेल? माझीही नसती उचलली. तू खोलीत असलीस तर तोही विचारणार नाही.

उपचार थोतांड आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. शिकागोच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने चार देशांत याची चाचणी झाली, निकाल 2019 मध्ये छापून आले. 110 रुग्ण होते, औषध चालू असताना वर्षात निदान दोन अटॅक आलेले, म्हणजे तुझ्या भावासारखेच. आजार पुढे सरकला तो ट्रान्सप्लांटच्या गटात 3 जणांचा आणि औषधांच्या गटात 34 जणांचा. हे आकडे तू वाचले असशीलच, म्हणून तर जीव टाकते आहेस. पण त्या औषधांच्या गटात ओक्रेलिझुमॅब हे जोरकस औषध नव्हतं, ते नंतर बाजारात आलं. तुझा भाऊ आतापर्यंत नेमकं काय घेत होता? तू नुसतं ‘औषधं’ लिहिलंस. अजून एखादं जोरकस औषध शिल्लक आहे का, हे इथल्या न्यूरोलॉजिस्टला त्याने स्वतः, ताजा एमआरआय पुढे ठेवून, विचारायला हवं.

दुसरं, त्या पायाचं. या उपचारात खरं काम केमो करते: स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठलेली प्रतिकारशक्ती ती जवळजवळ पुसून टाकते. आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल रक्त पुन्हा लवकर उभं राहावं म्हणून परत चढवतात, झिजलेले तंतू त्या विणून देत नाहीत. काहींना सुधारणा जाणवते, पण आशा धरण्यासारखी गोष्ट आहे ती पुढचे अटॅक थांबण्याची. पाय ओढत राहिला तरी हे सगळं केल्याचं समाधान त्याला वाटेल का? घर तर गेलेलं असेल. आई घर विकायला निघाली आहे, ताई सगळं सोडून महिनाभर सोबत येणार आहे. अशा वेळी ‘मला भीती वाटते’ म्हणायला त्याला जागा तरी कुठे ठेवलीत? तो तुला ‘तू म्हणशील तसं’ म्हणत असेल, आणि तू त्यालाच होकार समजली असशील.

तर आता हे कर. पंधरा तारखेच्या आत हॉस्पिटलशी दुसरा कॉल ठरव. मध्य मेक्सिकोत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. फोन त्याच्या हातात दे, आईला घेऊन बाहेर पड. अन्नपूर्णा मंदिरात जा, कुठेही जा, तासभर परतू नका. दाराआडून ऐकायचं नाही. प्रश्नांची यादी लिहून देशील हे मला ठाऊक आहे, तर तीही देऊ नकोस. घरी आल्यावर ‘काय म्हणाले रे ते’ करून मागे लागू नकोस. तो सांगेल तेवढं ऐक.

तो ‘नको’ म्हणाला तर रक्कम भरायची नाही आणि त्याला पटवायचं नाही. ‘हो’ म्हणाला तर जा, आणि तिथे तुझ्याइतकी चांगली सोबत त्याला मिळणार नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते ते दिवस कठीण असतात, ताप 38 अंश सेल्सिअसला टेकला की रात्र असो, पहाट असो, डॉक्टरला उठवावं लागतं. तुझ्यासारखी हट्टी बाई तिथेच कामाला येते. परत आल्यावरही लहानपणीच्या लसी पुन्हा टोचाव्या लागतात, महिनोन्‌महिने पथ्य असतं. तेव्हा ‘एका दिवसाने काय होतंय’ म्हणत सराफ्यात रात्रीचं चटकमटक खायला नेणाऱ्या मित्रांना दारातूनच परत पाठव.

राहिले हे. त्यांच्याशी तू काही बोलू नकोस. तुझ्या भावालाच बोलू दे. हॉस्पिटलचं कौतुक तुझ्या तोंडून त्यांनी दोन महिने ऐकलंय. ‘भाऊजी, मी सगळं विचारलंय, मला हे करायचंय’ असं त्याने समोर बसून सांगितलं, तर त्यांना पैशांबद्दल तरी नीट बोलता येईल. तुझ्याशी ते बोलणं होत नाही, कारण तुझ्याकडे उत्तर द्यायला फक्त माया आहे.