साडी घेतली म्हणून सही द्यावी लागते का?

पत्र

ताई, मी 46 वर्षांची. माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर पुण्याचं. लग्न 1999 मध्ये झालं. गेल्या पौषात वडील गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पाच एकर बागायत आणि राहतं घर आहे. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी आणि आई. वर्षश्राद्धाच्या आत बहिणींनी हक्कसोड करून द्यावी, असं दादाचं म्हणणं आहे. धाकटी तयार आहे. आईची सहीही त्याच दिवशी आहे. वहिनीने साडी आणून ठेवली आहे, "तीच नेसून या" म्हणाली. "तुझ्या लग्नात काय कमी केलं?" असंही दादा बोलला. आई म्हणते, सही करून मोकळी हो, माझ्यामागे तुला माहेर राहायला हवं. आमचे हे म्हणतात, हिस्सा सोडायचा नाही. मला जमीन बहुतेक नकोच आहे. पण सहीला हात उठत नाही. मी लोभी झाले का?
— एक माहेरवाशीण

उत्तर

नाही, तुम्ही लोभी नाही. जमीन नको असूनही हात उठत नाही, कारण तुम्हाला कुणी विचारलेलंच नाही. थेट तारीख सांगितली आणि साडी आणली.

माझ्या आईने 1987 साली अशीच सही केली. तलाठ्यापुढे मामांनी कागद सरकवला, आईने नाव लिहिलं. ती सातवी शिकलेली, वाचता येत होतं. पण भावाच्या हातून कागद मागून घ्यायची तिला लाज वाटली. घरी आल्यावर आजीने ओटी भरली, हिरवी साडी दिली. ती साडी आईने विरेपर्यंत नेसली. पण आजोबांच्या विहिरीचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मामांनी विचारलं असतं तर तिने आनंदाने दिलं असतं, हे मी खात्रीने सांगते.

सगळे याला रीत म्हणतात, म्हणून एक गोष्ट नीट बघा. ओटी भरणं, सणाला लेकीला आणणं ही आपली जुनी रीत आहे आणि ती मला मनापासून प्रिय आहे. हक्कसोड मात्र तितकी जुनी नाही. हक्कच नव्हता, तेव्हा सोडायचं काय होतं? मुलीला वारसाहक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं, आणि डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं त्याचं ते एक मोठं कारण होतं. मग 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा दिला. त्यानंतर लेकीच्या सहीची गरज पडायला लागली आणि ती सही माहेरपणाला बांधली गेली. ही गाठ सुटली म्हणून माहेर तुटायचं कारण नाही.

आता तुमचा वाटा. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. तुमचं लग्न 1999 चं, म्हणजे तुम्ही तेव्हाच त्यात आलात. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राने कायदा बदलला आणि लग्नाची अट गेली. मुली राहत्या घरात वाटणी मागू शकत नव्हत्या, ती आडकाठीही तेव्हाच काढली. वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. तुमच्या घरात जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांनी स्वतः घेतलेली, हिशोब एकच येतो: आई आणि चार भावंडं, प्रत्येकी पाचवा हिस्सा. म्हणजे एकेक एकर आणि घरातला वाटा.

लग्नाच्या खर्चाने हा वाटा फिटत नाही. लग्नं भावांचीही झाली, त्यांचा हिस्सा कुणी कापला? आणि मानपानात जे गेलं ते तुमच्या हातात आलं नव्हतं.

दादाची बाजूही आहे, ती मी झाकणार नाही. वडिलांचं दुखणं त्याने काढलं असेल, रात्रीची मोटार चालू करायला तोच उठत असेल. सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचं तर प्रत्येकाची संमती लागते, तो त्रासही खरा आहे. पण त्याला संमतीपत्र पुरतं, हक्क सोडावा लागत नाही. म्हणून त्याला असं सांगा: "दादा, आत्ता सही नको. वारस म्हणून पाचही नावं लागू देत. शेत तूच कसायचंस. कर्जाला लागेल तेव्हा मी संमती देईन. पुढचं दोन वर्षांनी बसून बोलू."

तेव्हा मनापासून द्यावंसं वाटलं तर द्या, मी अडवणार नाही. पूर्ण द्या, अर्धं द्या, किंवा मोबदला घेऊन आणि तो कागदात लिहून घेऊन द्या. फक्त कागद ओळखा. वारस नोंद तलाठ्याकडे होते. तिची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं. तिथे अंगठा आणि फोटो घेतात. "वारस नोंदीलाच चाललोय" म्हणून दुसऱ्या दारात नेलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. त्यात वर्षं जातात.

तुमच्या यजमानांना सांगा, हा वाटा तुमचा आहे, त्यांचा नाही. आणि त्यांच्या बहिणीला तिचा मिळाला का, तेही एकदा विचारा.

पत्रात एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंत, त्याने मला झोप लागली नाही: आईची सहीही त्याच दिवशी आहे. तुम्हाला पुण्यात घर आहे, संसार आहे. आईकडे हा पाचवा हिस्सा सोडला तर काय आहे? आज दोन्ही मुलगे चांगले आहेत, तसेच राहोत. तरी तिने हे कागदावरून पुसून का टाकायचं? ती तुमच्या माहेराची काळजी करते आहे, तिच्या स्वतःच्या छपराची काळजी घरात कुणीच करत नाही. वकिलाकडे जायच्या आधी गावी जा. दादाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा मागून घ्या, आईजवळ बसा आणि पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखवा.